जावा प्लगइन चालत नसेल, तर क्रोमची जुनी आवृत्ती बसवावी का?

आपल्या कार्यालयाला ज्या संकेतस्थळावर निविदा भराव्या लागतात, ते डिजिटल स्वाक्षरीसाठी जावा प्लगइन मागते आणि क्रोममध्ये तेथे नुसता राखाडी चौकोन दिसतो. म्हणून क्रोमची जुनी आवृत्ती बसवावी का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका.

नेटस्केप या जुन्या ब्राउझरने १९९५ मध्ये आणलेल्या एनपीएपीआय या, ब्राउझरला प्लगइन जोडण्याच्या व्यवस्थेत प्लगइन हा संगणकावर वेगळा बसवलेला प्रोग्रॅम असतो. आपल्या फायलींवर जेवढे अधिकार आपल्याला, जवळजवळ तेवढेच त्यालाही. त्यामुळे पुढे ब्राउझर प्रत्येक पानाला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून अलग अशा जागेत, कोंडून ठेवू लागले, तरी प्लगइनचे मागचे दार उघडेच राहिले आणि जावा व फ्लॅशमधील चुकांतून घुसखोरी होत राहिली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये, ४५व्या आवृत्तीत, ही सोय पूर्णपणे काढली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅशखेरीज सारे बंद केले. जुनी आवृत्ती बसवली, तर हे दार तर उघडतेच, शिवाय गेल्या दहा वर्षांतील सुरक्षा-दुरुस्त्याही हातच्या जातात. आणि त्याच संगणकाला आपले स्वाक्षरीचे टोकन (डिजिटल स्वाक्षरी साठवलेले छोटे यूएसबी उपकरण) जोडलेले असते.

त्यापेक्षा मायक्रोसॉफ्ट एजमधील इंटरनेट एक्सप्लोरर मोड, म्हणजे नोंदवलेली पाने जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पद्धतीने उघडण्याची सोय, वापरावा. तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. जावा मात्र ८ ही आवृत्तीच घ्यावी, कारण ११व्या आवृत्तीपासून प्लगइन उरलेलेच नाही; आणि जावा कंट्रोल पॅनेलमधील अपवादांच्या यादीत संकेतस्थळाचा पत्ता घालावा. एजच्या सेटिंगमध्ये या मोडसाठी आपण स्वतः नोंदवलेले पान ३० दिवसांनी यादीतून आपोआप गळते, हे विसरू नये. आमच्याकडे निविदेच्या शेवटच्या दिवशी नेमके हेच घडले: टोकनचा दिवा लुकलुकत होता, पडद्यावर रिकामी चौकट होती आणि आम्ही अर्धा तास पासवर्डलाच दोष देत बसलो होतो.

बऱ्याच संकेतस्थळांनी आता प्लगइन सोडून संगणकावर बसवायचा स्वाक्षरीचा छोटा प्रोग्रॅम दिला आहे, जो चालू ब्राउझरशी थेट बोलतो. आपल्या संकेतस्थळाच्या डाउनलोड विभागात तो आहे का, हे आधी पाहावे. असल्यास वरील खटाटोपाची गरजच पडणार नाही.