शाळेच्या ग्रंथालयावर चालणारं घर

प्रश्न : मी न्यू जर्सीत आयटीत नोकरी करते. शाळकरी वयातल्या दोन मुलींच्या प्रेमावरची माझी इंग्रजी यंग अ‍ॅडल्ट (किशोरवयीन वाचकांसाठीची) कादंबरी संपत आली आहे. अशा लेखनावर पोट भरतं का? सुरुवात कशी करू?

उत्तर : नोकरी इतक्यात सोडू नका. समजा, प्रकाशकाने १८,००० डॉलर आगाऊ कबूल केले. ते एकरकमी येत नाहीत. करारावर सही, मसुद्याला मंजुरी आणि प्रकाशन अशा तीन हप्त्यांत मिळाले, तर दर ६,००० मधून एजंटचे (लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठणाऱ्या मध्यस्थाचे) १५ टक्के जाऊन हाती ५,१०० उरतात. कर वेगळा, तोही तुम्हीच वेळच्या वेळी भरायचा. २० डॉलरच्या हार्डकव्हरवर १० टक्के रॉयल्टी धरली, तर ही आगाऊ रक्कम फिटेपर्यंत, म्हणजे ९,००० प्रती खपेपर्यंत, पुढचा छदामही नाही. पहिल्या पुस्तकाला हा पल्ला सहसा झेपत नाही.

आधी कादंबरी पुरी करा. नवख्या लेखकाचा अर्धवट मसुदा एजंट घेत नाहीत. नायिका साधारण १५ ते १८ वर्षांची हवी. आजच्या काळातली गोष्ट ६० ते ८० हजार शब्दांत बसवा. सव्वा लाखाचा आकडा पाहूनच अनेक जण पुढे वाचत नाहीत. मग एजंटला पाठवायचं एका पानाचं क्वेरी (विचारणा) पत्र: नायिकेला काय हवंय, आड काय येतंय, शब्दसंख्या, आणि गेल्या चार-पाच वर्षांतली दोन मिळतीजुळती पुस्तकं. एका दमात साठ एजंटांना पाठवू नका. आठ-दहांना पाठवा, नुसतेच नकार आले तर पत्र आणि पहिली दहा पानं दुरुस्त करा. या विषयात हमखास फसतं ते असं की ‘ती लेस्बियन आहे’ एवढंच कथानक उरतं. घरी कळणं हा एक प्रसंग झाला. बाकीची अडीचशे पानं ती काय करते?

खरा टिकाऊ खप ग्रंथालयांचा. ‘स्कूल लायब्ररी जर्नल’, ‘बुकलिस्ट’, ‘कर्कस’ यांतली परीक्षणं वाचून ग्रंथपाल मागणी नोंदवतात. समलैंगिक, ट्रान्स वगैरे जगण्यावरच्या पुस्तकांना मिळणाऱ्या स्टोनवॉल पुरस्कारात २०१० पासून बाल-किशोर विभागही आहे. मुखपृष्ठावर तो शिक्का लागला की जुनं पुस्तकही पुन्हा मागवलं जातं.

प्रश्न : पण अमेरिकेत अशी पुस्तकं शाळांतून काढतात. गाजावाजा झाल्यामुळे लेखकाचा फायदाच होतो ना? (पुणे)

उत्तर : आधीच खपणाऱ्याचा होत असेल. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती मुकी बंदी. ग्रंथपाल कटकट नको म्हणून पुस्तक मागवतच नाही, आणि शाळेने ठरवलेलं लेखकाचं व्याख्यान रद्द होतं. त्यासाठी ऐनवेळी रद्द केल्यास किती भरपाई, हे व्याख्यानाच्या करारात आधीच लिहून घ्यावं.

अमेरिकी लेखिका नॅन्सी गार्डन यांचं ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ हे दोन मुलींच्या प्रेमावरचं पुस्तक १९८२ चं. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत त्याची प्रत जाळली गेली आणि जवळच्या ओलेथा शाळा-विभागाने ते कपाटातून काढलं. विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले. १९९५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुस्तक परत आलं. विभागाने स्वतःचीच फेरविचाराची पद्धत धाब्यावर बसवली होती, हे तिथे महागात पडलं. म्हणून आजही पहिली विचारणा हीच करायची: लेखी नियम काय, समितीने पुस्तक सबंध वाचलं का, निर्णयापर्यंत ते कपाटात राहणार का? मात्र त्या निकालावर आता डोळे मिटून विसंबू नये. टेक्सासच्या लॅनो काउंटीतल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या खटल्यात २०२५ मध्ये पाचव्या सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने उलट, पुस्तकं काढणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. तो टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपीपुरता बंधनकारक आहे, पण टेक्सास ही काही लहानसहान बाजारपेठ नव्हे.

गार्डन यांना २००३ मध्ये किशोर साहित्यातल्या टिकाऊ कामगिरीसाठीचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार मिळाला. पुस्तक निघून तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

प्रश्न : मी स्वतः कोण आहे हे जाहीर करावं लागेल का? आईबाबा नाशिकला आहेत, त्यांना ठाऊक नाही. (वरच्याच वाचक)

उत्तर : सक्ती नाही. क्वेरीत हवं तेवढंच लिहा. पण वाचक विचारतात, कधी धारेवर धरतात. समलिंगी मुलामुलींवर किशोर कादंबऱ्या लिहिणाऱ्या बेकी अल्बर्टाली यांच्यावर ‘बाहेरच्या असून आमच्याविषयी लिहितात’ अशी टीका वर्षानुवर्षं झाली. शेवटी २०२० मध्ये त्यांनी स्वतः बायसेक्शुअल असल्याचं सांगितलं, आणि हे आपल्या सवडीने झालं नाही हेही. टोपणनाव चालतं. करार आणि कराचे कागद खऱ्या नावाने होतील, मुखपृष्ठावर टोपणनाव येईल. एजंटला मात्र पहिल्याच फोनवर सांगा. छायाचित्र, गाव, नोकरी यांतलं काय छापायचं नाही, हे लेखक-परिचय जाण्याआधी प्रसिद्धी विभागाला ईमेलने कळवून ठेवा.