वायफायची दुखणी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. लॅपटॉप वायरने राउटरला जोडला तरी स्पीड ९४ च्या वर जात नाही. सकाळी मोजा, रात्री मोजा, तेच. कंपनी म्हणते, आमच्याकडून पूर्ण स्पीड येतोय. राउटर बदलू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, एवढ्यात नको. लाइन खराब असती तर आकडा वरखाली झाला असता. रोज नेमका ९४ वर अडतोय म्हणजे वाटेत कुठेतरी लिंकच १०० एमबीपीएसची आहे. वरचे पाच-सहा डेटाच्या बांधाबांधीतच जातात.

एक शक्यता पोर्टाची, म्हणजे वायर खुपसायच्या खाचेची. खोक्यावर ‘एसी १२००’ असं ठसठशीत छापलेल्या कितीतरी स्वस्त राउटरांची मागची पोर्टं १०० चीच असतात. तो १२०० म्हणजे वायफायच्या दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) हवेतल्या वेगांची कागदावरची बेरीज. मॉडेलच्या माहितीत ‘गिगाबिट पोर्ट’ (म्हणजे १००० एमबीपीएसचं) लिहिलेलं नसेल, तर मात्र राउटर बदलण्यावाचून इलाज नाही. जुन्या लॅपटॉपचं पोर्टही १०० चं असू शकतं.

पण चोर बऱ्याचदा वायरीतच सापडतो. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच पुरतात : १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरच्या. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार पिनेला नीट टेकलेली नसली तरी नेट चालू राहतं, फक्त लिंक गुपचूप १०० वर उतरते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा आणि ‘लिंक स्पीड’ १००/१०० आहे की १०००/१०००, ते बघा. १०० दिसलं तर वायर बदलून बघा. १००० दिसूनही ९४ च येत असेल, तर फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामधली वीतभर वायर बदला. तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

जॅक नव्याने बसवायचा झाला, तर क्लिप खाली आणि तारा आत घालायची बाजू आपल्याकडे धरून डावीकडून क्रम असा : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका आणि वायरीचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलंच पाहिजे, नाहीतर एका हिसक्यात तार निसटते.

प्रश्न : वरच्या मजल्यावर रेंज नव्हती म्हणून घरातलाच जुना राउटर वायर टाकून तिथे जोडला. तेव्हापासून घरात कुणाच्याही मोबाइलवर अधूनमधून ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ असं येतं.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : घरात दोन कारभारी झालेत. दोन्ही राउटर मोबाइलला आयपी पत्ते (नेटवर्कमधले ओळख-क्रमांक) वाटतायत. ज्याला जुन्याकडून पत्ता मिळतो, त्याला इंटरनेटची वाटही जुन्याचीच दाखवली जाते, आणि तिथे लाइनच नाही. दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ दुप्पट.

जुन्या राउटरला खालून आलेली वायर काढा आणि लॅपटॉप फक्त त्यालाच वायरने जोडा. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून लॉगिन करा आणि लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.१.२ करून सेव्ह करा. पान बंद पडेल. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी (म्हणजे पत्ते वाटायचं काम) बंद करा. हाच क्रम पाळा, कारण डीएचसीपी आधी बंद केलं तर पत्ता बदलताना लॅपटॉप बाहेर राहतो. आता खालून आलेली वायर जुन्याच्या वॅन पोर्टात (बाहेरची लाइन घ्यायच्या) नाही, लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या) लावा. खालच्या राउटरची डीएचसीपी यादी .२ पासून सुरू होत असेल तर ती .१० पासून करा. (खालच्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.०.२ द्या.)

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे जिना चढताना मोबाइल आपला आपण दुसरीकडे जाईल. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगळे : खाली १, वर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. जुन्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर ही सगळी खटपट एका बटणात होते; त्या वेळी वायर कुठल्या पोर्टात लावायची, ते त्याच्या माहितीपत्रकात बघा.

प्रश्न : फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागलाय. रीसेट करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नको. लाल दिवा म्हणजे डब्यापर्यंत फायबरमधला प्रकाशच पोचत नाही. त्यात डब्याच्या सेटिंगचा काही दोष नाही. भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबलीत, तर कनेक्शनचं यूजरनेम-पासवर्ड पुसलं जाण्याची शक्यता आणि दुखणं दुहेरी. बारीक केबल कपाटामागे दबलीय का, कुठे काटकोनात वळलीय का, उंदरानं कुरतडलीय का, एवढं बघा. हिरवा जॅक पूर्ण आत आहे ना, तेही बघा. काढलात तर त्याच्या टोकाला बोट लावू नका आणि टोकात डोळा घालून बघू नका. तरीही दिवा लालच राहिला, तर कंपनीला फोन करून ‘नेट स्लो आहे’ असं न सांगता ‘लॉस लाल आहे’ असंच सांगा, म्हणजे राउटर बंद-चालू करायला लावणं टळेल.