आईच्या गुडघ्याची गादी झिजली आहे (वय ५८, गुहागर). दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी का?

नुसती झीज असेल, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया इतक्यात करू नका; आधी तीन महिने नेमाने व्यायाम करून घ्या. मी चिपळुणात फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेतल्या एका चाचणीत (निष्कर्ष २००२ साली छापून आले) काही रुग्णांना फक्त वरवर छेद दिले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी त्यांचं दुखणं खऱ्या शस्त्रक्रियेवाल्यांइतकंच होतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. लावणीला चिखलात उतरणं आणि जांभ्याच्या उंच पायऱ्या यंदा टाळाच. आईंना हे पटवणंच अवघड, पण पटवा. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर मात्र थांबू नका, लगेच अस्थितज्ज्ञांना दाखवा.