टेनिसचे पैसे आणि एफ-वन व्हिसा

(पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका आईची मुलगी बारावीत आहे, टेनिस खेळते. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी तिला बोलावलंय. एकाची स्कॉलरशिप पूर्ण. दुसरं नावाजलेलं, पण तिथे निम्मीच. ‘आता तिकडे खेळाडूंना पैसे मिळतात, उरलेली फी त्यातून निघेल,’ असं एजंट म्हणतो. हे खरं का, आणि शिकत्या वयात खेळाचे पैसे घ्यावेत का?)

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. घ्यावेत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका कॉलेज सामन्याला लाखावर माणूस बसतं, कोच कोट्यधीश होतात आणि गुडघे फोडून घेणाऱ्या पोरांना फक्त फीमाफी, हे फार वर्षं चाललं. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 9-0 असा निकाल खेळाडूंच्या बाजूने दिला, त्याच जुलैपासून जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. जुलै 2025 पासून तर कॉलेजं स्वतःच कमाईतला वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला कमाल सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. एका खेळाडूला नव्हे हो, सगळ्या खेळांना मिळून!

आणि यातलं ताट वाढलं जातं ते मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला. टेनिसला मिळाली तर चटणी-कोशिंबीर.

तुमच्यापुढचा खरा अडसर व्हिसा आहे. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना साधारणपणे कॅम्पसवरच, तेही आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. तिथे राहून रॅकेट कंपनीसाठी फोटो काढून घेतले, त्याचे पैसे घेतले, तर ते बेकायदा काम ठरू शकतं आणि व्हिसाच धोक्यात येतो. सोबतच्या अमेरिकन मुलीला हा प्रश्नच नाही. एजंटने हे सांगितलं नसेल. तो ‘स्कॉलरशिपच्या इतके टक्के’ अशी फी मागत असेल तर आजच थांबवा. तसा करार तिथल्या नियमात बसत नाही, मुलीची खेळायची पात्रता जाऊ शकते.

मी पूर्ण स्कॉलरशिप घेईन. पण ‘पूर्ण’ म्हणजे काय ते कागदावर बघा. मागे एक जलतरणपटूचे वडील पेढे घेऊन आले होते. पत्र वाचलं तर त्यात फक्त ट्यूशन, म्हणजे शिक्षणाची फी. खोली, जेवण, पुस्तकं, विमा सगळं घरून. पेढ्याचा घास तसाच हातात राहिला. शिवाय खोली-जेवणाची रक्कम स्कॉलरशिपमधून मिळाली तरी तिच्यावर कर लागतो, एफ-वनवाल्यांचा साधारण 14 टक्के कापून घेतात.

आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 आणि 2008 ला एकेरीचं कॉलेज विजेतेपद मिळवलं, तेव्हा तर हे पैसे नव्हतेच. चार वर्षं चांगली कोर्ट, कोच, तगडे सामने आणि हातात डिग्री, ही मिळकत धरा.

कोचला मेल मुलीलाच लिहू द्या. दोनच गोष्टी विचारायच्या: स्कॉलरशिप दरवर्षी नव्याने ठरते का, आणि खांदा दुखावून वर्षभर खेळता आलं नाही तर ती राहते का. उत्तर फोनवर आलं तर लेखी मागा.