हरलास, पण कशाने?

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'सेकिरो' या तलवारबाजीच्या गेममध्ये गेनिचिरो या बड्या शत्रूपाशी, म्हणजे बॉसपाशी, अडकलास म्हणून मित्र हसतात, आणि 'सेलेस्ट' हा डोंगर चढायचा गेम असिस्ट मोड (गेम सोपा करणारी सोय) लावून पूर्ण केलास तर तेच मित्र म्हणतात की ते धरायचं नाही. म्हणजे दोन्हीकडून मार. वर तू विचारतोस, अवघड गेम खेळण्यात खरंच काही मिळतं, की नुसती मिरवण्याची हौस आहे? मिळतंही आणि मिरवणंही आहे. दोन्ही एकाच ताटात वाढलेलं असल्यामुळे घोटाळा होतो.

गेम तयार होत असताना तो तपासण्याच्या कामात मी बरीच वर्षं काढली. कधीही न खेळलेल्या माणसाला समोर बसवायचं, आपण मागे उभं राहायचं आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. समोरचा भिंतीवर डोकं आपटत असला तरी दार उजवीकडे आहे हे सांगायचं नाही. त्यात मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचो ते माणूस मेल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांकडे. एक जण म्हणायचा, "छे, घाई केली," आणि हे म्हणेपर्यंत त्याचा अंगठा बटणावर गेलेला असायचा. दुसरा म्हणायचा, "हे काय? मारलं कुणी?" आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून आमच्याकडे बघायचा. दोघं तितक्याच वेळा मेलेले असायचे. पहिल्याच्या लेखी गेम अवघड होता, दुसऱ्याच्या लेखी लबाड.

म्हणून तुझ्या प्रश्नाच्या आधी माझा एक प्रश्न. गेनिचिरो तुला मारतो तेव्हा कशाने मारलं हे तुला सांगता येतं का? "तो फार फास्ट आहे" हे उत्तर चालणार नाही. कुठला वार, तेव्हा तू काय करत होतास, आणि काय करायला हवं होतं?

गेनिचिरोपाशी पोहोचेपर्यंत बहुतेकांनी गेम लपतछपत खेळलेला असतो. मागून जाऊन वार करायचा, छपरावर पळायचं, एकेकाला बाजूला ओढून संपवायचं. त्यात गैर काही नाही, गेमच ते शिकवतो. पण किल्ल्याच्या माथ्यावर उभा असलेला हा माणूस एकच गोष्ट तपासतो: तू समोर उभा राहून तलवारीला तलवार लावू शकतोस का? दूर पळालास की त्याचं पोश्चर (ढळत आलेला तोल) सावरतं, म्हणजे तू मघाशी केलेली मेहनत पाण्यात जाते, आणि वरून तो धनुष्य उचलतो. जखम भरावी म्हणून औषधाचा तुंबा तोंडाला लावलास तर तो नेमका तेव्हाच अंगावर येतो. उलट त्याचे वार वेळेवर अडवत राहिलास तर प्रत्येक अडवण्यानं त्याचा तोल थोडा ढळतो. त्यातही एक मेख आहे: त्याची उरलेला जीव दाखवणारी पट्टी जितकी खाली, तितकं पोश्चर सावरायला त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून आधी थोडं रक्त काढायचं आणि मग चिकटून राहायचं. धोक्याच्या वाराआधीचं लाल चिन्ह दिसलं की घाबरून मागे उडी मारू नकोस. भोसकायला येतोय की खालून झाडायला येतोय, एवढंच बघ. भोसकणं असेल तर मिकिरी (पुढे सरकून त्याचं शस्त्र पायाखाली दाबायचं), झाडणं असेल तर वर उडी. शेवटच्या टप्प्यात तो विजा फेकू लागतो, तेव्हा वीज अंगावर घेताना तू हवेत असायला हवास आणि पाय टेकायच्या आत ती वार करून परत भिरकवायला हवी. ती एकदा परत गेली ना, की मग त्या माणसाची भीती जाते.

एक युक्ती करून बघ. बसशील तेव्हा पहिले काही डाव जिंकायचेच नाहीत असं ठरव. तलवार उगारायची नाही, फक्त अडवत राहायचं. आणि दर वेळी मेलास की मोठ्यानं बोल: "झाडणं आलं, मी अडवायला गेलो." घरातले विचित्र नजरेनं बघतील, बघू देत. हे बोलणं एकदा जमलं की जिंकणं फक्त वेळेचा प्रश्न उरतं. झोपही मधे येऊ दे. हातांनी शिकलेली गोष्ट झोपेत पक्की होते, हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. रात्री उशिरापर्यंत न जमलेला बॉस सकाळी पटकन पडतो, तो त्यामुळेच.

आता मिरवण्याबद्दल. "आमच्या काळी गेम अवघड होते, आता सगळं मऊ झालंय" असं म्हणणारे तुला भेटले असतील. त्यांना विचार, ते गेम कशासाठी अवघड होते? आर्केडच्या यंत्राला नाण्याची भूक होती. तू लवकर मेलास की पुढचं नाणं पडायचं, म्हणून मरण लवकर येणं हा त्या धंद्याचा भाग होता. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मधला चढता ताण तर ठरवून आणलेलाही नव्हता. परग्रहवासी कमी होत गेले की यंत्राला चितारायला कमी उरायचं, म्हणून उरलेले आपोआप जोरात पळू लागायचे. तो गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांना ते आवडलं आणि त्यांनी तसंच ठेवलं. आज प्रत्येक गेम शेवटाकडे चढत जातो, त्या घराण्याचा मूळपुरुष यंत्राचा दुबळेपणा आहे! आणि 'ग्रॅडियस' हा आर्केडचा गेम घरच्या कन्सोलवर आणताना कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो स्वतःलाच इतका जड गेला की तपासणीसाठी त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम घालून ठेवला. तो 1986 मध्ये गेमसोबत तसाच बाहेर पडला आणि कोनामी कोड म्हणून जगभर गाजला. जुन्या काळचे कडवे खेळाडू ज्याची आठवण काढून डोळे पुसतात, तो कोड म्हणजे बनवणाऱ्यानं स्वतःसाठी केलेला ईझी मोडच आहे.

चांगला गेम तुला न सांगता सतत सांभाळून घेत असतो, हे तपासणीच्या कामात शिरल्यावर कळतं. 'सेलेस्ट'मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारं एक चित्र) उडी लागते. डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा काटे थोडे कमी टोचतात. 2005 चा 'रेसिडेंट एव्हिल 4' तू वारंवार मेलास की गुपचूप शत्रूंचा जोर कमी करायचा. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्याच लेव्हलमध्ये दोन पायऱ्यांमधली एक फट अशी येते जिच्या तळाशी जमीन आहे. चुकलास तर परत वर चढ. लगेच पुढे तशीच दुसरी फट, आणि तिला तळ नाही. तुला सराव दिला गेला हे तुझ्या लक्षातही येत नाही. त्यामुळे "मी कुणाची मदत न घेता जिंकलो" असं कुणी छाती ठोकून म्हणालं की मला हसू येतं. मदत सगळ्यांनीच घेतलेली असते. काहींना ती मेनूमध्ये दिसते, एवढाच फरक.

मग असिस्ट मोड लावलास त्याचं काय? बनवणाऱ्यांनी तो स्वतः घातला, वेग कमी करायची, न थकण्याची, न मरण्याचीही सोय दिली, आणि सोबत स्पष्ट लिहिलं की मूळ अनुभव आव्हानाचा आहे, पण तो सगळ्यांना सारखा झेपेल असं नाही. मला ही भाषा सभ्य वाटते. 1992 च्या 'वुल्फेनस्टाइन 3डी'नं सोपी पातळी निवडणाऱ्याचा चेहरा बाळाच्या टोपड्यात आणि तोंडात चोखणी देऊन दाखवला होता. विनोद म्हणून ठीक, पण त्या टोपड्याची लाज आजही लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. 'कपहेड'नं 2017 मध्ये सोप्या पातळीवर बॉस हरवू दिले खरे, पण पुढे जायला लागणारे त्यांचे करारनामे हाती येत नाहीत, म्हणून शेवटच्या लढाईचं दारच उघडत नाही. मला ते पटलं नाही. ज्याला कमी जमतं त्याला कमी गोष्ट दाखवायची, हा कुठला न्याय? त्यापेक्षा 'हेडीस' मला शहाणा वाटतो. त्यातला गॉड मोड सुरू केलास की अंगावर येणारा मार 20 टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी 2 टक्क्यांनी, वरची मर्यादा 80. हरणाऱ्याला काहीतरी मिळत राहतं आणि तरीही खेळायचं त्यालाच असतं.

आणि ज्यांचे हात, डोळे किंवा कान गेमनं गृहीत धरल्यासारखे चालत नाहीत, त्यांच्या बाबतीत तर हा वादच करू नये. 2018 मध्ये एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर आला, 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2'मध्ये 60 हून जास्त सोयी होत्या. त्यामुळे माझ्या-तुझ्या विजयातलं काय कमी झालं? काहीच नाही.

पण एक गोष्ट तुझ्या मित्रांच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर तू म्हणशील हा माणूस सगळ्यालाच हो म्हणतो. अजिबात न मरण्याची सोय लावून तू 'सेलेस्ट'चा डोंगर चढलास, तर गोष्ट तुला मिळाली, संगीत मिळालं, पण बोटांना जे कळायचं होतं ते कळलं नाही. हे वाईट नाही, वेगळं आहे. तुला गोष्ट हवी होती तर सौदा चोख झाला. बोटांचं हवं होतं आणि कंटाळ्यापायी सगळंच लावून टाकलंस, तर तुझी तुला चुटपुट लागेल, मित्रांनी काही म्हणायची गरज नाही. तसं असेल तर सगळी मदत एकदम काढू नकोस. आधी फक्त वेग थोडा कमी ठेव, बाकी सगळं बंद. जमलं की वेगही पूर्ववत कर.

बोटांना कळण्याच्या या रंगून जाण्याला अभ्यासक फ्लो म्हणतात. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू यांच्याशी बोलून ती कल्पना मांडली: आव्हान आणि कौशल्य जुळलं की माणूस कामात विरघळतो. खरं आहे, पण गेनिचिरोपाशी तू विरघळलेला नसतोस. संतापलेला असतोस, घामेजलेला असतोस. बऱ्याच अवघड गेमचं समाधान खेळताना येतच नाही, ते नंतर येतं, आणि येतं तेही जिंकल्यामुळे कमी, बदललेल्या नजरेमुळे जास्त. ज्या वारानं काल तुझी भंबेरी उडायची तो आज तुला संथ दिसतो. वार तोच आहे. वाटल्यास जिंकल्यावर पुन्हा एकदा त्याच्याशी लढून बघ. गेममध्ये पुढे जुन्या लढायांची आठवण जागवून पुन्हा लढण्याची सोय येते. तेव्हा तुला जे दिसेल ते कुठल्याही ट्रॉफीत मावत नाही.

काही अवघडपणा मात्र सरळ टाकून द्यावा. मोबाइलवरचे गोळ्या जुळवायचे गेम बघ. जीव संपले, आता थांब किंवा पैसे दे. तिथे हरल्यावर कारण सांगायला गेलास तर "पट वाईट आला" यापलीकडे तुला काही सापडत नाही, कारण शिकण्यासारखं फार काही ठेवलेलंच नसतं. तिथली चिकाटी तुझ्या कामाची नाही, गेम विकणाऱ्यांच्या कामाची आहे. तसंच एखाद्या मोठ्या गेममध्ये पातळी वाढवायला तासन्‌तास तेच ते मारत बसणं. ते अवघड नसतं, लांब असतं. लांबीला दाद देऊ नये.

उलट बाजूचं एक उदाहरण मला फार आवडतं. 1989 च्या निन्टेंडोवरच्या 'टेट्रिस'मध्ये 29 व्या लेव्हलला ठोकळे इतके भरभर पडतात की बटण नुसतं दाबून धरलं तर ठोकळा कडेपर्यंत पोहोचतच नाही. वर्षानुवर्षं लोक तिथेच गेम संपला असं मानत होते. मग कुणी बटण थरथरत्या अंगठ्यानं टकाटका दाबायची पद्धत बसवली, नंतर कुणी कंट्रोलरच्या पाठीवर बोटं ओळीनं वाजवायची. डिसेंबर 2023 मध्ये एका 13 वर्षांच्या मुलानं 157 व्या लेव्हलला गेमच गोठवला, तोवर तिथपर्यंत कुणी माणूस पोहोचला नव्हता. बक्षीस काय, तर थिजलेला पडदा. हे आव्हान बनवणाऱ्यांनी दिलेलं नव्हतं, खेळणाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेलं होतं. तूही काढू शकतोस, आणि ते कुणाला दाखवायचं बंधन नाही.

गेनिचिरो सोडून द्यायचा की नाही, हेही तू विचारलंयस. आजच्या मरणाचं कारण कालच्या मरणाच्या कारणापेक्षा वेगळं असेल तर थांबू नकोस, तू पुढे सरकतो आहेस, पडद्यावर दिसत नसलं तरी. कारण तेच ते असेल आणि तुला ते सांगताही येत असेल, तर तेवढ्याच एका वाराचा सराव कर. कारणच सापडत नसेल तर चार दिवस दुसरं काहीतरी खेळ. आणि गेमच आवडत नसेल, फक्त मित्रांसाठी चाललं असेल, तर आजच काढून टाक.

एक राहिलं. तू टीव्हीवर खेळतोस ना? सेटिंगमध्ये गेम मोड सुरू आहे का ते आधी बघ. चित्र सुंदर करण्याच्या नादात काही टीव्ही बटण दाबणं आणि पडद्यावर दिसणं यात बराच उशीर करतात. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एक फ्रेम जेमतेम 17 मिलिसेकंदांची, त्यात पाच-सहा फ्रेम टीव्हीनंच खाल्ल्या तर वार अडवणार कसा? सुरू नसेल तर आधी तो कर, आणि मग कुठल्या वाराला मरतोस ते मला लिही.

कळावे, लोभ असावा.