जुन्या नावेला नवं इंजिन
प्रश्न: गोसीखुर्दच्या पाण्यात मासे धरायची आमची जुनी फायबरची नाव आहे, टू-स्ट्रोक इंजिन गेलं, आता नवीन फोर-स्ट्रोक तसंच बसेल काय? (एक वाचक, पवनी तालुका)

उत्तर: बसेल भाऊ, पण आधी इंजिन लटकते ती मागची फळी पाहा, वरून फायबर चकाचक अन् आतलं लाकूड सडलेलं, असं लय नावांत असते. हातोडीनं ठोका, भदभद वाजलं तर पहिले फळी बदला, इंजिन मंग. फोर-स्ट्रोक बहुतेक वजनी असते, मागून नाव दबते, तेव्हा पेट्रोलची टाकी पुढं सरकवा. फळी 15 इंच उंच असंल तर शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं) इंजिन, 20 असंल तर लाँग (लांब दांड्याचं). इंजिनाच्या पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या बुडाच्या लेव्हलला नाहीतर जराशी खाली पाहिजे, लय वर राहिली तर पंखा हवा ओढते अन् नुसता गरगरते. अन् नुसत्या क्लॅम्पच्या पकडीवर भरोसा नको, आरपार बोल्ट मारा, छिद्रात सीलंट भरा.