मुलाचा आवाज फुटत असताना गाणे थांबवावे का?

नागपुरात आठवीत शिकणाऱ्या मुलाचा आवाज फुटू लागल्याने संगीताचा वर्ग सोडवावा का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत आहे की सोडवू नये. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. त्यामुळे काल सहज लागणारा तार षड्ज (वरचा सा) आज चिरकला, तर तो त्याच्या मेहनतीचा दोष नव्हे. गुरुजींना सांगून षड्ज खाली घ्यावा, हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच सुराचा हट्ट सोडावा, मध्य सप्तकातले (मधल्या उंचीचे) अलंकार, म्हणजे स्वरांचे सरावाचे पलटे, हलक्या आवाजात म्हणवून घ्यावेत आणि घसा दुखताच थांबावे. वर्गात इतर मुले हसणार नाहीत, याची काळजी शिक्षकांनी घ्यायलाच हवी. कित्येक मुलांचे गाणे तिथेच कायमचे सुटते.

या काळात हार्मोनियम किंवा तबला जरूर सुरू करावा, कारण स्वरज्ञान आणि लय कंठावर अवलंबून नसतात. दहावीत शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. त्याचे सध्याचे निकष शाळेच्या कार्यालयात आताच विचारून ठेवावेत.